रिकामं सबरूटीन

माझा जन्म पन्नासच्या दशकातला, इंदापूर तालुक्यातला. फोरट्रान ही कॉम्प्युटरची भाषा शिकलो ती भोकं पाडलेल्या कार्डांवर. पाटबंधारे खात्याच्या डिझाइन विभागातून निवृत्त झालो, तेव्हा बारामतीच्या एका कॉलेजानं बोलावलं. पाइपलाइनमधला दाब काढणारा माझाच जुना प्रोग्रॅम त्यांना नव्या कॉम्प्युटरवर हवा होता. लोणी भापकरच्या काही शेतकऱ्यांनी मिळून पाणी उपसायची योजना आखली होती. पंप केवढा घ्यायचा ते त्यावरून ठरणार होतं.

पहिल्याच दिवशी गाडी अडली. प्रोग्रॅम कंपाइल झाला, म्हणजे यंत्राच्या भाषेत उतरला, पण लिंक होईना, त्याचे सुटे भाग एकमेकांना जोडले जाईनात. पाइपमधल्या घर्षणानं दाब किती घटतो हे काढणारं सबरूटीन, म्हणजे प्रोग्रॅमचा छोटा तुकडा, तयार तुकड्यांच्या जुन्या लायब्ररीत होतं, आणि हे तुकडे जोडणारा लिंकर म्हणत होता, या नावाचं काही सापडत नाही. लायब्ररी कुठं आहे ते लिंकरला सांगितलं, जोडायचा क्रम बदलला. तीच एरर. माझ्याबरोबर काम करणाऱ्या तिथल्या एका प्राध्यापकांना म्हटलं, "लायब्ररीत काय नावं आहेत ते नीट बघावं लागेल. सोमवारी येतो."

सोमवारी ते हसत सामोरे आले. "सर, एरर गेली! आकडेसुद्धा कळवून टाकले गावाला."

मी आकडे पाहिले. एवढ्या लांब पाइपात घर्षणाचं नुकसान शून्य! प्रोग्रॅम उघडला, तर शेवटी त्याच नावाचं एक सबरूटीन लिहिलेलं. आत हिशेबाची एकही ओळ नाही. नाव, रिटर्न आणि एंड.

"हे काय आहे?"

"लिंकरला नाव पाहिजे होतं ना सर, दिलं."

मला अक्षरशः शिसारी आली. चूक समजू शकते. पण हे म्हणजे ओरडणाऱ्याच्या तोंडात बोळा कोंबणं. आणि वर चेहऱ्यावर समाधान.

मी त्यांना उठवून खुर्चीत बसलो. लायब्ररीतली नावं काढून पाहिली. जुना कंपायलर आमच्या त्या नावाच्या शेवटी दोन अंडरस्कोर, म्हणजे खालच्या रेघा, लावायचा, नवा एकच लावत होता, म्हणून नाव जुळत नव्हतं. एवढीच गोम. लायब्ररीचा मूळ मजकूर माझ्याकडे होता. तो नव्या कंपायलरनं पुन्हा कंपाइल केला, ते रिकामं सोंग पुसलं, आणि प्रोग्रॅम लिंक झाला. नवे आकडे आले. आधीच्या आकड्यांवरून ठरलेला पंप शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचवूच शकला नसता.

गावचे एक वयस्कर शेतकरी आकडे न्यायला आले. पंप अजून घेतला नव्हता, हे नशीब. कागद हातात घेऊन त्यांनी विचारलं, "मग आदी काय दिलं व्हतं आमाला?"

प्राध्यापक म्हणाले, "आबा, ते प्राथमिक होतं. जरा टेक्निकल अडचण होती."

"अडचण नव्हती, आबा," मी म्हणालो. "हिशेब केलाच नव्हता."

आबांनी कागदाची घडी घातली. "आमी तर त्यावर पंप सांगून आलोय. आता जाऊन बदलतो," म्हणाले आणि निघाले.

थोड्या वेळानं विभागप्रमुखांनी आत बोलावलं. वाटलं, चौकशी करतील. ते म्हणाले, "बाहेरच्या माणसासमोर हे बोलायची काय गरज होती? कॉलेजचं नाव जातं." शेजारी ते प्राध्यापक होकारार्थी मान हलवत होते. चहा मागवलेला होता.

मी चहा घेतला नाही. इंदापूरची एसटी धरली. पुढं कॉलेजकडून दोनदा निरोप आला, मी गेलो नाही.