थिएटरमध्ये कोण म्हणालं, ‘थांबा’?

लिहू की नको, यातच चार-पाच महिने गेले. या सदरातले अनुभव मी वाचते, पण खरं सांगायचं तर हसण्यासाठीच. सोळा वर्षं हाडांच्या ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर म्हणून उभी आहे. ड्रिल फिरतं, हातोडी पडते, रक्त उडतं… माणूस आतून इतक्या जवळून पाहिल्यावर भुताखेतांना डोक्यात जागाच उरत नाही. स्टाफमधल्या पोरी असलं काही सांगायला लागल्या की मी त्यांना कामाला पिटाळते. त्यामुळे जे झालं ते जसंच्या तसं सांगते. अर्थ तुम्ही लावा, मला लागलेला नाही.

मोताळ्यात आमचा दुमजली दवाखाना आहे. खाली ओपीडी, एक्स-रे आणि वॉर्ड. वर थिएटर. थिएटरला खिडकी नाही, दोन दारं ओलांडल्याशिवाय आत येता येत नाही, आणि एसी सुरू असला की बाहेर बँड वाजला तरी कळत नाही. हे मुद्दाम सांगतेय.

दिवाळीनंतर कापूस वेचणी जोरात असताना एक नवरा-बायको दोघंही जखमी होऊन आले. पुंडलिकभाऊ आणि द्वारकाबाई, पन्नाशीच्या पुढचे. सकाळी मोटरसायकलवर शेतात जाताना तुरीतून रोही उडी मारून रस्त्यावर आला. पूर्ण वाढलेली नीलगाय ती, गाडी थेट तिच्यावर. भाऊंच्या मांडीचं हाड मधोमध मोडलं होतं, द्वारकाबाईंचा घोटा. भाऊंच्या पायाला वजन बांधून ठेवलं. मांडीत रॉड टाकायचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी ठरलं. बाईंच्या घोट्याची सूज उतरायची होती, म्हणून त्यांचं नंतर.

जोडीला शेजारी-शेजारी खाटा दिल्या. संध्याकाळी मी फाईल घेऊन गेले तर द्वारकाबाई मला म्हणाल्या, "सिस्टर, त्यायले सांगा, रातच्या बारानंतर पानी बी प्याचं नाई म्हना."

दोन हातांवर नवरा. मी बघतच राहिले.

पलीकडून भाऊ म्हणाले, "सिस्टर, तिले सांगा, मले ठावूक हाय."

"सिस्टर, त्यायले सांगा, ठावूक अस्ते त मंगाशी तांब्या तोंडाले काऊन लावला?"

मला हसू आलं. पण त्यांची मुलगी अर्चना उशाशी बसली होती, ती हसली नाही. मला बाहेर घेऊन गेली. म्हणाली, "अकरा वर्षं झाली मॅडम. एकमेकांशी एक शब्द नाही."

अर्चनाला बारावीनंतर अकोल्याला नर्सिंगला जायचं होतं. फॉर्म भरला होता. वडिलांनी तो फाडला आणि त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न लावून दिलं. त्या दिवसापासून आई वडिलांशी बोलली नाही. भाकरी वाढते, त्यांच्यासोबत शेतात निंदायला जाते, गाडीवर मागे बसते, पण बोलायचं असेल तर सांगते शेजारणीला, म्हशीला, नाहीतर भिंतीला. "मी केव्हाच माफ केलं हो," अर्चना म्हणाली. "आईनं नाही केलं."

दुसऱ्या दिवशी दहाला भाऊंना वर घेतलं. आमचे सर, भूल देणाऱ्या मॅडम, मी आणि सी-आर्म, म्हणजे थिएटरमधलं एक्स-रेचं यंत्र, चालवणारा टेक्निशियन. मॅडमनी पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर केला आणि थोडं गुंगीचं औषध दिलं. भाऊ डोळे मिटून शांत पडले. नाडी, बीपी, ऑक्सिजन, सगळं उत्तम. ऑक्सिजनचा आकडा अठ्ठ्याण्णव. तो मी स्वतः पाहिलेला आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी… मांडीचं हाड आतून पोकळ असतं, पोकळीत मगज असतो. रॉड बसावा म्हणून ती पोकळी आतून कोरून रुंद करावी लागते. कोरायच्या यंत्राला रीमर म्हणतात. आधी बारीक, मग त्याहून जाड, असं करत जायचं. दोन रीमर झाले होते. मी तिसरा लावून दिला. सरांनी तो हाडाच्या तोंडाशी नेला, बोट बटणावर ठेवलं…

"थांबा!"

बाईचा आवाज. माझ्या मागून, भाऊंच्या डोक्याच्या बाजूनं. ओरडणं नाही, पण शेतात लांबच्या माणसाला हाक मारावी तसा भरलेला, खणखणीत.

"थांबा जी! त्यायचा जीव घुसमटून राह्यला!"

सरांचा हात तिथेच थांबला. ते मागे वळून म्हणाले, "कोण बोललं? सिस्टर, आत कोण आलंय?"

मी वळले. कोणी नव्हतं. दार बंद. मॅडम त्यांच्या स्टुलावर बसलेल्या. "काय झालं सर?" त्यांनी विचारलं. त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं! टेक्निशियनलाही नाही. फक्त सर आणि मी. सर माझ्याकडे बघत होते, मी सरांकडे… मास्कच्या वर आमचे नुसते डोळे. रीमर अजून बाहेरच.

आणि मग मॉनिटरचा सूर बदलला. तो टिक्-टिक् सूर आकडा पडला की खाली उतरत जातो. चौऱ्याण्णव. नव्वद. मॅडम उठल्या. चौऱ्याऐंशी. "सर, काही करू नका! फुप्फुसात चरबी गेलीय."

हे होऊ शकतं. कोरताना मगजातली चरबी दाबानं रक्तात शिरते आणि फुप्फुसात जाऊन अडकते. क्वचित होतं, पण झालं की माणूस हातचा जातो. मॅडमनी नळी टाकली, पूर्ण ऑक्सिजन सुरू केला. पुढची चाळीस मिनिटं कशी गेली ते सांगता येणार नाही. आकडा हळूहळू वर आला. सरांनी रॉडचा बेत सोडला, बाहेरून पिना आणि सळ्या लावून हाड धरून ठेवलं. (रॉड दहा दिवसांनी टाकला, काही त्रास झाला नाही.) हात धुताना मॅडम सरांना म्हणाल्या, "तिसरा रीमर गेला असता तर मी काही करू शकले नसते. पण तुम्ही आधीच कसे थांबलात?"

सर नळ बंद करून बाहेर पडले.

कपडे बदलून मी धावत खाली आले. डोक्यात एकच… द्वारकाबाई कशातरी वर आल्या असतील. प्लास्टर घातलेल्या पायानं, जिना चढून? तरीही. वॉर्डात बाई गाढ झोपलेल्या, पाय उशीवर. सकाळी दुखण्याचं इंजेक्शन दिलं होतं.

"आई झोपेत काही बोलली का?" मी अर्चनाला विचारलं.

"नाही हो. दहापासून झोपलीय. मी इथून हललेच नाही. काऊन, काय झालं?"

दुपारी बाई जाग्या झाल्या. भाऊंना ऑक्सिजनवर वेगळ्या खोलीत ठेवलंय, धोका टळलाय, हे मी सांगितलं. आणि न राहवून तेही सांगितलं… की थिएटरमध्ये आवाज आला. तुमच्यासारखा. "थांबा" म्हणाला.

मला वाटलं त्या घाबरतील. त्यांनी पदर तोंडावर घेतला आणि हुंदके द्यायला लागल्या. कितीतरी वेळ. मग म्हणाल्या, "मले रोही दिसला होता जी."

"कधी?"

"काल. तुरीत. त्यायच्या आंधी मले दिसला. 'थांबा', एवढंच म्हनाचं होतं. तोंडात आलं होतं, पन म्या गियलं. अकरा वर्साची सवय… म्या मुद्दाम नाई केलं जी सिस्टर. तोंडच नाई उघडलं."

"आणि आज? स्वप्नात काही दिसलं का?"

"काईच नाई. सपन बी नाई. मले कायबी ठावूक नाई."

हे त्या तोवर कोणाजवळच बोलल्या नव्हत्या. अर्चनाजवळही नाही. ती शेजारी उभी होती, भिंतीला टेकली.

तिसऱ्या दिवशी भाऊंना वॉर्डात आणलं. नाकाला नळी, चेहरा उतरलेला. खाटेवर ठेवल्या-ठेवल्या त्यांनी मान वळवली. "द्वारके," ते म्हणाले, "तू वरतं आल्ती काय?"

मी सलाईन अडकवत होते, हात तसाच राहिला. आम्ही त्यांना आवाजाबद्दल काहीही सांगितलं नव्हतं. कोणीच नाही.

द्वारकाबाईंनी सवयीनं माझ्याकडे पाहिलं. "सिस्टर, त्यायले सांगा…" आणि तिथेच अडल्या. मग सरळ त्यांच्याकडे बघून बोलल्या, "मी कशी येईन? पाय मोडून पडली हाव न."

"मंग बोल्लं कोन? म्या ऐकलं. तुयाच आवाज होता."

"मले दिसला होता जी रोही," बाई म्हणाल्या. "म्या सांगतलं नाई तुमाले."

भाऊ म्हणाले, "मले बी दिसला असता. ध्यान नव्हतं माह्यं." आणि थोड्या वेळानं, अगदी हळू, "फारम फाडाले नाई पाह्यजे होता म्या."

अर्चना बाहेर निघून गेली. मीही गेले.

मी खूप विचार केला. सरांनी बाईंचा आवाज राउंडला ऐकला असेल, मीही. अनुभवी हाताला आतून काही जाणवलं असेल आणि मेंदूनं त्याला शब्द दिले असतील… पण दोघांच्या मेंदूनं? एकाच क्षणी, तेच शब्द? आणि तिसरा तो गुंगीतला माणूस? मॉनिटरवर तेव्हा अठ्ठ्याण्णव होते. गणित कुठूनही मांडलं तरी सुटत नाही. मी कोणाला देव-बिव काही म्हणत नाही. पण त्या दिवसापासून थिएटरमध्ये उभी राहते तेव्हा मला आपण सगळं पाहिलंय असं वाटेनासं झालंय.

सरांशी या विषयावर एकदाच बोलले. ते म्हणाले, "सिस्टर, मला ऐकू आलं. याच्यापुढे मला विचारू नका." पण गेल्या आठवड्यात पुन्हा मांडीचा रॉड होता. मी तिसरा रीमर लावून हातात दिला. सरांनी तो घेतला, बोट बटणावर ठेवलं, आणि काही न करता तसेच उभे राहिले. मान किंचित वाकडी. मॉनिटरकडे बघत नव्हते. ऐकत होते.

आम्ही कोणीच हललो नाही. मग त्यांनी मान हलवली आणि यंत्र सुरू केलं.