सोजरबाईनं कालवलेली माती

माझं अक्षर मोत्यासारखं होतं आणि भाषा त्याहून टपोरी. या दोन गुणांच्या जोरावर मी एका बाईच्या पायात कायमची बेडी घातली. बाईचं नाव सोजरबाई.

गोष्ट १९२९ सालची. सोलापूर गावाबाहेर तारेच्या कुंपणातली एक वसाहत होती. सरकारनं ज्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवून टाकलं होतं, त्यातली कुटुंबं तिथं आणून ठेवलेली. दिवसातून तीनदा हजेरी. बाप्ये पास घेऊन गिरणीत जायचे, भोंगा झाला की परत आत. पासाशिवाय कुणी बाहेर दिसला की तुरुंग. मी तिथल्या शाळेवर मास्तर होतो. दिवसभर तारेच्या आत शिकवायचो आणि संध्याकाळी बाहेर स्वतःच्या घरी जेवायला जायचो. सोजरबाईला मी अहो-जाहो करायचो आणि तेवढ्यावरच आपण फार मोठ्या मनाचे आहोत असं समजायचो.

सोजरबाई पन्नाशीची, विधवा. तिनं उभ्या जन्मात कुणाची काडी उचलली नव्हती. तिच्या खोलीपुढं रॉकेलचे फुटके डबे मांडलेले असायचे आणि त्यात वांगी, मिरची, झेंडू असा काही माजलेला असायचा की बघणारा थांबायचाच. वसाहतीची जमीन म्हणजे नुसता मुरूम. शेतातली काळी माती आणून डब्यात भरली, तर आठ दिवसांत तिची वीट व्हायची, मधोमध भेग पडायची आणि रोप गळा आवळल्यासारखं मरायचं. बाकीच्या बायांनी हा उद्योग दोन-दोनदा करून नाद सोडला होता. सोजरबाईनं सोडला नाही.

तिनं खोलीमागं एक खड्डा केला होता. गिरणीत झाडून टाकलेला कापसाचा भुगा बाप्यांकडून मागून घ्यायची, त्यावर शेळ्यामेंढ्यांच्या लेंड्या, कडुनिंबाचा पाला, चुलीतली राख असे थर द्यायची, वरून धुण्याचं पाणी. हे पाच-सहा महिने मुरू द्यायचं. मग एक पाटी काळी माती, एक पाटी ओढ्याची वाळू आणि दोन पाट्या खड्ड्यातलं खत, असं जमिनीवर ओतून दोन्ही हातांनी खालवर करायची. मी एकदा हौसेनं बाह्या सरसावून मदतीला बसलो, तर हसली.

"मास्तर, भाकरी थापायची हाय व्हय? मळायची न्हाय, कालवायची. दमानं."

शेवटी मूठभर माती घेऊन दाबायची. मूठ वळली पाहिजे आणि बोटाच्या एका टिचकीत सुटली पाहिजे. वळली नाही तर काळी माती घाल, सुटली नाही तर वाळू घाल. याला ती वजनमाप लावत नसे. तिच्या हातालाच ते कळायचं.

वसाहतीच्या साहेबांच्या बंगल्यात गुलाबाच्या चाळीस कुंड्या होत्या आणि त्या दरवर्षी उन्हाळ्यात हटकून मरायच्या. साहेब म्हणजे कुणी गोरा नव्हे, आपलाच मराठी माणूस, पण गुलाबाचं वेड साहेबी. कुणीतरी सोजरबाईचे डबे त्यांच्या कानावर घातले. तिला बंगल्यावर कामाला लावलं. तिनं चाळीसही कुंड्या रिकाम्या केल्या, आपली माती भरली आणि त्या वर्षी भर वैशाखात गुलाब फुलले. पाहुणे यायचे, कुंड्यांपुढं उभे राहून वाहवा करायचे. साहेब मिशीला पीळ द्यायचे.

आता मुद्द्याचं सांगतो. वसाहतीत ज्याची वागणूक बरीच वर्षं चोख असेल, त्याला परवाना मिळायचा आणि बाहेर नातेवाइकांपाशी राहता यायचं. सोजरबाईचा मुलगा जोतीराम असाच सुटला होता. तो सांगोल्याला एका शेतकऱ्याची मेंढरं राखायचा, तिथंच लग्न करून राहिला होता. त्याला मुलगी झाली, ती दीड वर्षाची झाली आणि आजीनं अजून तिला हातात घेतलं नव्हतं. जोतीराम तीन महिन्यांतून एकदा यायचा, फाटकाशी उभा राहून बोलायचा आणि परत चालू लागायचा. पोरीला एवढ्या लांब आणणं त्याला जमत नव्हतं. सोजरबाई मला म्हणाली, "मास्तर, माझ्या नावानं एक अर्ज लिवा की. नात एकदा मांडीवर घ्यायची हाय. मग मेले तरी चालंल."

मी लिहिला. रविवारची अख्खी दुपार घालवून लिहिला. 'सदरहू बाई सात वर्षे निष्कलंक वर्तनाची असून तिच्या हाताचा गुण अद्वितीय आहे. बंगल्याची बाग ही केवळ तिच्या कष्टांवर उभी असून तिच्यावाचून ती एक दिवसही तग धरणार नाही. अशा गुणी स्त्रीस परवाना मिळणे न्यायाचे होईल.' लिहून झाल्यावर बायकोला वाचून दाखवला. तिलाही आवडला.

साहेबांनी तो वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "मास्तर, तुम्हीच लिहिता की हिच्यावाचून बाग एक दिवस टिकणार नाही. मग हिला सोडू कशी?"

अर्ज नामंजूर झाला. मी तोंड पाडून सोजरबाईकडं गेलो. तिनं सगळा अर्ज वाचून दाखवायला लावला आणि मन लावून ऐकला. "लई ग्वाड लिवलंय," ती म्हणाली. "आन् मी आळशी हाय, कामाची न्हाय, असं लिवलं असतं तर?"

"तर वागणूक वाईट म्हणून नामंजूर झाला असता."

"म्हंजी कसंबी हितंच," ती म्हणाली.

स्वतःची एवढी चीड मला आधी कधी आली नव्हती. दुसऱ्या दिवशी मी साहेबांना गाठलं आणि म्हणालो, बागेला तिच्या हातचं शिकलेलं दुसरं माणूस मिळालं तर? साहेबांनी विचार केला. "बारा कुंड्या त्या माणसानं करून दाखवाव्यात. दोन महिने तगल्या, तर तुमची सोजरबाई मोकळी."

सोजरबाईनं शांतम्माला निवडलं. शांतम्मा अक्कलकोटकडची, विशीतली, कानडी मराठी मिसळून बोलणारी. नवरा शंकरप्पा गिरणीत, पदरात नऊ महिन्यांचं पोर. ती सोजरबाईला अव्वा, म्हणजे आई, म्हणायची. पोराला पाटीत बसवून दोघी माती कालवायला बसायच्या. शांतम्मा चटपटीत होती. मूठ कशी वळते, कशी सुटते, हे तिला पंधरा दिवसांत उमगलं. बारा कुंड्या भरल्या, गुलाब लावले आणि महिन्याभरात त्यांना तांबूस कोवळी पालवी फुटली. सोजरबाईनं जोतीरामला निरोप धाडला, घरात एक घोंगडी जास्तीची ठेव. मी तिला इतकी बोलकी कधी पाहिली नव्हती. नातीला काय म्हणून हाक मारायची, यावर ती माझ्याशी चक्क भांडायची.

इथं माझ्या तोंडानं दुसऱ्यांदा घात केला. ऑफिसातल्या कारकुनानं मला सांगितलं की शंकरप्पाचा परवाना मंजूर होऊन आला होता. अक्कलकोटला त्याच्या भावानं हमी दिली होती. पण साहेबांनी तो कागद खणात टाकला होता. बाई बागेत तयार होतेय, कुटुंब राहू दे इथंच, म्हणाले होते. शंकरप्पाला याचा पत्ता नव्हता. कुंड्या मेल्या आणि बाई कामाची नाही असं ठरलं, तरच तो कागद बाहेर येणार होता. मी ही बातमी सोजरबाईला आपली सहज सांगितली. कशाला सांगितली, ते आजही मला कळत नाही. पोटात काही राहत नाही म्हणून असेल.

तिचे हात मातीत थांबले. "तिला म्हाईत हाय का?"

"नाही."

"नगा सांगू," ती म्हणाली आणि पुन्हा कालवू लागली.

आठ दिवसांनी शांतम्माच्या कुंड्या माना टाकू लागल्या. पानांच्या कडा भाजल्यासारख्या तपकिरी झाल्या, पालवी गळाली. शांतम्मा पाणी घालून घालून रडकुंडीला आली. सोजरबाई बाजूला उभी राहून नुसती बघत होती. बाराव्या दिवशी बाराही झाडं वाळली. साहेब येऊन बघून गेले. "हिच्या हाताला गुण नाही. हिला काढा," म्हणाले. "आणि मास्तर, तुमचा तो विषय आता संपला."

सगळे गेल्यावर मी एका कुंडीत हात घातला. माती आतून ऊन लागत होती. मी आणखी खोल बोटं खुपसली, तर तळाशी चटका बसावा इतकी ऊब. सोजरबाई माझ्याकडं बघत होती.

"कच्च्या लेंड्या हायत्या," ती म्हणाली. "न मुरलेल्या. बाराही कुंड्यांची कड उकरून खाली दाबल्या म्या. त्या मुरताना तापत्यात. मुळं जळत्यात."

मी संतापलो. तिच्यासाठी मी साहेबांपुढं नाक घासलं होतं. "अहो, तुमची नात! दोन महिने काढायचे होते फक्त. तुम्ही सुटला असता!"

"व्हय. सुटले असते की."

"मग?"

ती खाली बसली. "मास्तर, तिचं पोरगं आता उभं राहायला लागलंय. काल बगितलं म्या. तारंला धरून उभं राहत हुतं. हितं दुसरं काय हाय धराय?"

मी मातीचे हात झटकले आणि तिच्याशेजारी बसलो.

"तिला सांगू नगा," ती म्हणाली. "कळलं तर जायाची न्हाय ती. येडी हाय." मी कबूल केलं.

पंधरवड्यानं साहेबांनी शंकरप्पाचा कागद खणातून काढला. नवरा-बायको बोचकं घेऊन फाटकाशी आले. पोर बापाच्या खांद्यावर होतं. शांतम्माचे डोळे सुजलेले होते. सोजरबाई तिला निरोप द्यायला आली नव्हती, बंगल्यावर कामाला होती.

"म्हातारीनं मला खोटं शिकवलं, मास्तर," शांतम्मा म्हणाली. "आपलं गुपित राखलं तिनं. मी अव्वा म्हणत होते तिला. मातीत जावो तिचं शिकवणं." आणि ती कानडीत आणखी काहीतरी बोलली, ते मला समजलं नाही, पण शंकरप्पानं तिला गप्प केलं. मी सोजरबाईला शब्द दिला होता. मी तो पाळला. दोघं अक्कलकोट रस्त्याला लागली. फाटक बंद झालं.

मी बंगल्यावर गेलो. सोजरबाई त्या बारा कुंड्या रिकाम्या करत होती.

"गेली?"

"गेली."

"शिव्या दिल्या का?"

"दिल्या."

"बरं झालं. रागानं गेलेलं माणूस माघारी बगत न्हाय." तिनं जळलेली मुळं वेचून बाजूला टाकली. मग हात थांबवून माझ्याकडं वर पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायला हात स्वच्छ नव्हते.

"ऐतवारी जोतीराम येणार हाय. घरात घोंगडी ठिवून, मला न्यायला. त्याला काय सांगायचं ते तुमीच सांगा, मास्तर. तुमाला लिवायला येतंय. शब्द लई येत्यात तुमाला."

मी तिच्यासमोर कितीतरी वेळ उभा होतो. मला एकही शब्द आला नाही.