दुसरा टोल

हे अजून कुणालाच बोलले न्हाई — ह्यांना सुद्धा न्हाई. ते गेले, तरी पोटातच ऱ्हायलं. आज तुमी निवांत बसलाव, तर ऐका.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. मामंजींच्या डोळ्याच्या इलाजाला सिकंदराबादला जायचं ठरलं. संगं सैपाकाला मी, नवी सून — अन् हट्ट करकरून निघालेली माझी नणंद, चंद्रा. पिंगळीच्या ठेसनावर गाडीत बसलो, ती खिडकीला जी चिकटली, ती उतरेपर्यंत हालली न्हाई. लय वांड पोरगी! पण गोड.

उतरलो तिथं समोरच जुनं चर्च होतं, उंच मनोऱ्याचं. राखणदार भला माणूस, म्हणला जा वर. मामंजी डोळ्याला पट्टी बांधून खाली पायरीवर बसले. आमी दोघी वर. काय वारं, काय कबुतरं! अन् मधोमध रांजणाएवढी घंटा.

"वैनी, आपली गाडी दिसायली!" चंद्रा झरोक्यातून वरडली.

अन् मी? पोखर्णीला नरसिंहापुढं आपण काय करतो? आधी घंटा, मग हात जोडायचे. देवाच्या दारी आल्यावर दुसरं काय सुचणार? म्या दोर ओढला. आई गं! अंगातून आवाज गेला. इतकं बरं वाटलं — पुन्हा ओढला.

खाली पळापळ. त्यांच्यात अवेळी घंटा झाली की कुणीतरी गेलं समजतात. पाद्री अर्ध्या दाढीचा, गालाला साबण तसाच, धावत आला. राखणदाराला बोलणी बसली. अन् मामंजी पट्टीआडून गरजले, "चंद्रे! तूच ना गं?"

चंद्रानं माझ्याकडं बघितलं. मी मूग गिळून उभी. ती पण काही बोलली न्हाई — का, ते म्या कधी विचारलं न्हाई.

"पुन्हा हिला कुठं न्यायचं न्हाई," मामंजी म्हणले. अन् शब्द पाळला. डोळा दाखवायला दर खेपेला मीच गेले. गाडी, बाजार, बांगड्यांची दुकानं — लय मजा केली, खोटं कशाला बोलू? ती घरी भाकरी थापत ऱ्हायली. पुढं राणीसावरगावला दिली, शेतात गुतली. गाडीत पुन्हा बसलीच न्हाई.

भ्याले होते का? भ्याले तर होतेच. पण त्याहून — पुढच्या खेपेला मला जायचं होतं.

आता ती म्हातारी नातवंडांना सांगती, "म्या घंटा वाजवली, अन् अख्खं सिकंदराबाद पळत आलं!" पोरं हसून लोळतात. मी बी हसती. हसता हसता ती एकदा माझ्याकडं बघती, अन् मी सुपारी कातरत बसती.

पहिला टोल सवयीनं पडला. दुसरा म्या हौसेनं दिला. अन् दोन्ही तिच्या नावावर राहू दिले.