मार्कांना नाक मुरडणाऱ्या बाई

मुलांनो, नागावला आमच्या शेजारी होमस्टे चालवणाऱ्या बाई कोणाचे मार्क ऐकले की नाक मुरडतात, आणि तेसुद्धा मार्क चांगले असतील तरच. "पास क्लासवाली कामाला टिकते, काकू. हुशार पोरगी म्हयन्यात मुंबईला पळते," असं त्या पदराने कपाळ टिपत मला नेहमी ऐकवतात.

परवा त्यांना पाहुण्यांची व्यवस्था बघायला कोणीतरी हवं होतं. येणाऱ्या मुलींचं इंग्रजी तपासायला त्यांनी मला शेजारी बसवलं. चौलची एक मुलगी आली, कॉलेजात पहिली आलेली. बाईंनी ओठ आवळले.

"एवढे मार्क कशाला घेतलेस गो?"

मुलीचा चेहरा उतरला. "मावशी, मला मुंबईला जायचंच नाही. घरून जाऊन-येऊन करता येईल अशीच नोकरी हवी आहे."

"सगळ्या असंच बोलतात."

तेवढ्यात किनाऱ्यावरून एक पाहुणे तणतणत आले. "समुद्राजवळ म्हणून खोली घेतली, आणि समुद्र आहे कुठे? नुसती ओली वाळू!"

उत्तर द्यायचं सोडून बाई मुद्दाम पदराशी खेळत बसल्या. मुलगीच उठली.

"काका, आत्ता ओहोटी आहे. तुम्ही जेवून जरा आडवे व्हा, तोवर मी समुद्र परत बोलावते."

पाहुणे आधी चमकले, मग खो खो हसले आणि जेवायला मासे कोणते आहेत ते विचारू लागले.

बाईंचं अंग हसण्याने गदगदत होतं. डोळे पुसत त्या माझ्याकडे वळल्या.

"मार्क जरा जास्तच हायत, काकू. पण चालवून घेऊ."