जानरावांची संत्र्यांची थैली

सासूच्या तेरवीला जाईबाई मागच्या अंगणात भांडी घासत होती. आतून नणंदेचा, जमुनाचा आवाज आला.

"झाडांले पानी पाजत बसला तू! मायच्या तोंडात कोनं पाजलं?"

"जमे, तोंड सांभाळ," तिचे भाऊ जानराव म्हणाले.

"काहून सांभाळू? दोन दिवस थांब म्हने मायले! मरन का तुह्या बगिच्यासाठी थांबते?"

"निघ. या दारात पाय ठेवू नको!"

जाईबाईच्या मुठीतली राख मुठीतच राहिली. जमुना सांजेच्या गाडीनं अकोल्याला निघून गेली.

जाईबाईचा नवरा तसा वाईट नव्हता. संत्र्याच्या दीडशे झाडांशी जानराव रोज बोलत. माणसांशी तेवढं बोलले असते, तर जाईबाईला रेडिओ घ्यावा लागला नसता. संत्र्याची रीत अशी, की थंडीत झाडाचं पाणी तोडायचं. पानं मलूल झाली की सोडायचं, मग झाड फुलांनी लदबदतं. त्या साली नेमकं पाणी सोडायच्या दिवसांत म्हातारीला धाप लागली. "दोन दिवसांनं अमरावतीले नेतो," जानराव म्हणाले. तिसऱ्या दिवशी ती गेली. फुलोरा मात्र असा आला, की रस्त्यानं जाणारे थांबून पाहत. जानराव तेवढे मान वर करत नव्हते.

बहिणीलाही त्यांनी तीच रीत लावली. "थोडं पानी तोडू दे. बहार आपोआप येते," म्हणायचे. अशी नऊ वर्षं गेली. झाड असतं तर एव्हाना चुलीत गेलं असतं, हे जाईबाईनं सुनावलंही.

पण दरसाली जमुनाला पहिल्या तोडणीच्या संत्र्यांची थैली पाठवायची कधी चुकली नाही. परतवाड्याच्या स्टँडवर ती अकोल्याच्या कंडक्टरकडे द्यायची. तिकडे जमुना स्वतः उभी राहायची. आठ दिवसांत थैली धुऊन, कुरड्या भरून परत. चिठ्ठी नाही, फोन नाही. "खारट झाल्या," म्हणत जानराव कुरड्यांचा चुरासुद्धा सोडायचे नाहीत.

यंदा कार्तिकात ते थैली भरायला बसले, तेव्हा जाईबाई म्हणाली, "अजी, थैलीसंगं तुमीबी बसा ना गाडीत. किती दिवस राग धरान?"

जानराव एकच फळ पुसत राहिले. "राग कोनाले आहे व? थे खरं बोलली. मायले मीच घरी ठेवलं."

नऊ वर्षं जाईबाई राग उतरायची वाट पाहत होती. हा माणूस लाजेनं गप्प आहे, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"मंग हेच तिले सांगा ना. फोन लावू?"

"फोनवर नाही जमत मले. थैली परत येऊ दे, मंग जातो."

चार दिवसांनी जानराव झोपेतच गेले. थैली घेऊन जमुनाच आली. दारात थबकून म्हणाली, "वयनी, पाय ठेवू का?" जाईबाईनं तिला आत ओढलं आणि सगळं सांगितलं. जमुनानं थैली खाली ठेवली. "थ्यानं सांगाले पायजे होतं," एवढंच बोलली. तेरवीला जे ऐकलं, त्याबद्दल आपणही नऊ वर्षांत ना नवऱ्याला विचारलं, ना जमुनाला, हे जाईबाईला तेव्हा फार लागलं.

यंदाची थैली पाठवली ती सकाळ जाईबाईला सारखी आठवते. त्या दिवशी तीही सोबत गेली होती. जानरावांनी थैलीचं तोंड सुतळीनं बांधलं, गाठ दोनदा ओढून पाहिली. स्टँडवर कंडक्टरला दरसालसारखंच सांगितलं, "अकोल्याले बाई उभी राहील. बहीन आहे माही." गाडी वळेपर्यंत ते उभे राहिले. मग जाईबाईसाठी पावभर फुटाणे घेतले आणि घराकडे निघाले.