कऱ्हाडातली चाळीस मिनिटं

हातकणंगल्याच्या स्टेशनवर आण्णांनी माझी बॅग सीटखाली सरकवली, खाली उतरले आणि गाडी सुटेपर्यंत खिडकीशी उभे राहिले. शिरोलीच्या फौंड्रीतून अर्ध्या दिवसाची रजा काढून वडील मला पोचवायला आले होते. बाहीवर काळी वाळू तशीच होती. "पोचलीस की फोन कर," एवढंच म्हणाले. मला पुण्यात नोकरी लागली होती. दोन-तीन वर्षांत परत येईन, असं तेव्हा आम्हा दोघांनाही वाटत होतं.

पुण्यात आधी बोलणं बदललं. आमच्याकडच्या बायका 'मी येतो, मी जातो' म्हणतात. ऑफिसात कुणीतरी हसलं, आणि महिन्याभरात मी 'येते, जाते' म्हणायला लागले. मग निखिलशी लग्न झालं, फ्लॅट झाला, आणि पुढे इलेक्ट्रिक गाडी. आमच्या सोसायटीत हिरव्या नंबरप्लेटच्या इतक्या गाड्या आहेत की चार्जिंगच्या वेळेवरून मीटिंगमध्ये भांडणं होतात.

त्या दिवाळीत आमची नवी गाडी घेऊन गावी गेलो, तर गल्लीत तसली गाडी पहिलीच. माणसं जमली. "वाटंत बंद पडली तर काय करायचं?" "पावसात शॉक बसतोय म्हणं?" शेजारचे बाळूकाका आत बसायलाच तयार होईनात. आण्णांनी बॉनेट उघडायला लावलं. तीस वर्षं त्यांनी इंजिनाचे ब्लॉक ओतले होते. रस्त्याकडेच्या कुठल्याही जीपवर थाप मारून "हिचं काळीज आमच्याकडचं" असं म्हणायचे. बॉनेटखाली ते बराच वेळ बघत राहिले. "इंजिनच न्हाय की गं हिच्यात," म्हणाले, आणि हलक्या हातानं झाकण लावलं.

माझा भाऊ, दादा, त्याच फौंड्रीत आहे. इंजिनांची मागणी घटून तिथं तेव्हाच दोन पाळ्यांची एक झाली होती. हे मला माहीत होतं, तरी मी धुराचं, हवेचं सांगायला लागले. आण्णांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुमच्याकडं चालतंय, चालू दे. हितं चालंलच असं न्हाय." 'तुमच्याकडं' हा शब्द त्यांनी माझ्यासाठी पहिल्यांदाच वापरला होता. मला तो लागला.

गेल्या वर्षी एका सकाळी मी ऑफिसात असताना दादाचा फोन आला. "आण्णांच्या छातीत दुखतंय. कोल्हापूरला न्हेलंय. निघ तू." गाडी निम्मीच चार्ज होती. दुसरी गाडी बघावी, हे मलाही सुचलं नाही आणि निखिललाही. तशीच निघालो, आणि कऱ्हाडला थांबावंच लागलं. तिथं दोन मशीन होती. एक बंद, दुसऱ्यावर एक कुटुंब गाडी लावून शेजारच्या हॉटेलात जेवायला बसलेलं. मी सांगितलं तेव्हा त्या बिचाऱ्यांनी ताटावरून उठून गाडी काढली. तरी आम्ही तिथून हलेपर्यंत चाळीस मिनिटं गेली. मशीनवरचा आकडा एकेक टक्क्यानं सरकत होता आणि मी त्याच्यासमोर उभी होते. तेवढ्यात दादाचा फोन आला. त्यानं तो आण्णांच्या कानाला लावला होता.

"कुठंवर आलीस?"

"कऱ्हाडात हाय, आण्णा. गाडी चार्जिंगला लावलीय."

मग म्हणाले, "दमानं ये. घाई करू नगंस."

आम्ही पोचलो तेव्हा त्यांना जाऊन अर्धा तास झाला होता. डॉक्टर म्हणाले, तुम्ही आधी आला असता तरी काही करता आलं नसतं. मला काही करायचं नव्हतं. भेटायचं होतं.

बाराव्याला आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, "डिझेलची असती तर पोरगी पोचली असती." मी दादाकडं बघितलं. तो मान खाली घालून पत्रावळ्या मांडत राहिला. पुण्यात परतल्यावर शेजारचे म्हणाले, "गाडी रोज चार्जिंगला लावायची सवय ठेवायला हवी. थोडं प्लॅनिंग लागतं." तुम्ही गावी मागं राहिलेले आणि माझ्यासारखे निघून आलेले, दोघंही हे वाचाल म्हणून सांगते, तुमचं दोघांचंही बरोबर होतं. त्यानंतर दोन्हीकडं माझं बोलणं कमी झालं.

परवा गावी जाताना हातकणंगल्याच्या थोडं अलीकडं, पेठ वडगावच्या फाट्यावर चहाला थांबलो. टपरीवाल्यानं हिरवी प्लेट बघितली आणि निखिलला म्हणाला, "पावणं, असली गाडी आमच्याकडं कोण घेत न्हाय बघा. एका पोरीची हायवेला बंद पडली. बाप तिकडं तिचं नाव घेत गेला. हिला तोंड बघायला मिळालं न्हाय."

निखिल बोलणार होता. मी त्याच्या हातावर हात ठेवला. आमची गाडी बंद पडली नव्हती. आण्णा माझं नाव घेत गेले का, ते मला माहीत नाही. दादाला विचारायचं धाडस अजून झालेलं नाही.

"कुठली पोरगी ती?" मी विचारलं.

"हितलीच की. आमच्या हातकणंगल्याची."

इतक्या वर्षांत मला 'हितली' म्हणणारा तो पहिलाच माणूस, आणि तो मला ओळखत नव्हता. गावात मी अजून उरले असेन, तर त्याच्या त्या चुकीच्या गोष्टीत. मी ती दुरुस्त केली नाही.