विश्रामला न वाचून दाखवलेलं पान

नववीच्या वर्गावर होतो. फळ्यावर ‘उष्णतेचे वहन’ एवढं लिहून झालं होतं, आणि दारात खाडी ओलांडणाऱ्या आमच्या तरीवरचा माणूस येऊन उभा राहिला. पाय ओलेच. “मास्तर, विश्राम मेस्त्री गेले. पहाटेच गेले.” मी “बरं” म्हटलं. माणूस किती मठ्ठ असावा! “बरं” म्हटलं आणि फळ्यावरचं उरलेलं वाक्य पुरं केलं, अक्षरसुद्धा बिघडलं नाही. मग खडू ठेवायला वळलो आणि मुलांसमोरच खुर्चीत बसलो.

त्याला आता दीड महिना होऊन गेला. गेलेल्या माणसाबद्दल चार बरे शब्द लिहावेत, ही आपल्याकडची रीत. विश्रामबद्दल बरं लिहायला मला चार कशाला, चारशे शब्द सुचतील. पण त्यासोबत एक वाईट गोष्टही लिहायची आहे, आणि ती माझी आहे.

चौथीपर्यंत आम्ही एका बाकावर होतो. पुढे तो वडिलांच्या हाताखाली होड्या बांधायला गेला आणि मी रत्नागिरीला शिकून खाडीपलीकडच्या शाळेत विज्ञानाचा मास्तर झालो. चारचौघांत तो मला “मास्तर, तुमी” म्हणायचा. दोघंच असलो की “बंडू”. आई गेल्यावर मला बंडू म्हणणारा तेवढा एकच माणूस उरला होता. स्वभावाने तिरसट, चिमूटभर तपकीर ओढल्याशिवाय कामाला हात लावणार नाही, आणि लागला की मग जेवायला हाक मारायची कुणाची छाती नाही. फळीवर बोटाच्या पेराने टकटक करून ऐकायचा आणि म्हणायचा, “ही नको, ही आतनं रडतेय.” ती फळी चिरली की खरोखर आत पोकळ निघायची. आमच्या खाडीतल्या निम्म्याअधिक होड्या त्याच्या हातच्या, आणि त्याच्या हातची होडी गळत नाही हे भरती-ओहोटीइतकं ठरलेलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. लाकडाची होडी महिना-दोन महिने किनाऱ्यावर पडली की सुकते, फळ्यांमध्ये फटी पडतात. अशा वेळी आमच्याकडे काय करतात, तर तिच्यात दगड भरून ती धक्क्याजवळ पाण्यात बुडवून ठेवतात. दोन दिवसांत लाकूड पाणी पितं, फुगतं आणि फटी आपोआप मिटतात. डागडुजीचं कुठलंही काम असो, विश्राम आधी होडी फुगत घालणार. त्याच्या वडिलांनी घातली, आजोबांनी घातली. खाडीकाठच्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक.

सहा वर्षांपूर्वी माझ्या मेव्हण्याने मुंबईहून ट्रकमध्ये घालून मला एक होडी पाठवली. तो एका कारखान्यात फोरमन, तिथे फायबरची कामं चालत. पांढरीशुभ्र, कडेने निळा पट्टा, आणि वजनाला इतकी हलकी की दोघांनी उचलावी. पलीकडे नेणारी तर भरेपर्यंत ताटकळायला नको, स्वतः वल्ही मारत शाळेत जावं, एवढीच माझी हौस. धक्क्यावर हा जमाव जमला. विश्रामने तिच्या पोटावर टकटक केलं, ऐकलं, आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, “मास्तर, ही होडी हाय की आंघोळीचं घंगाळ? हिला आवाजच नाय वो.” सगळे खो खो हसले. मीही हसलो. पण आत कुठेतरी लागलं… खोटं कशाला बोलू, चांगलंच लागलं.

पावसाळा सरल्यावर एका ओहोटीला ती खडकावर बसली. पोटाला वीतभर चीर गेली, भोवतीचा रंग पोपडे निघून उडाला. मेव्हण्याला कळवलं तर त्याने पार्सल धाडलं. रेझिनचा डबा, ते घट्ट करणाऱ्या औषधाची बाटली, काचेच्या तंतूंचं पांढरं कापड, रंग आणि दोन पानी पत्र. पहिल्या पानावर शाईने खाली रेघ मारून लिहिलं होतं की होडी पाण्याजवळसुद्धा नेऊ नका, आठ दिवस कडक उन्हात वाळवा, चिरेत ओल राहिली तर ठिगळ धरणार नाही. दुसऱ्या पानावर मिश्रण कसं करायचं ते. मी पत्र वाचलं, खिशात घातलं आणि धक्क्यावर गेलो. बघतो तर विश्रामने माझी होडी दगड भरून पाण्यात फुगत घातलेली! भोवती दहा-बारा माणसं. तो म्हणाला, “मास्तर, उद्यापतूर ऱ्हाऊ दे. तुमचं घंगाळ मी असं करतो की तुमच्या मेव्हण्याने बघत ऱ्हावं.”

तिथे मी बोलायला हवं होतं. पत्र खिशात होतं. मी स्वतःला सांगितलं की एवढ्या माणसांत विश्राम मेस्त्रीला शहाणपण शिकवणं बरं दिसत नाही. हे अर्धं खरं. उरलेलं अर्धं असं की, मनात आलं… बघू दे की एकदा, घंगाळ काय असतं ते. दुसऱ्या दिवशी त्याने होडी वर काढली, फडक्याने पुसली आणि म्हणाला, “बंडू, डब्यांसंगं आलेला तो कागद वाच.” लिहिता-वाचता त्याला बेताचंच येई. मी दुसरं पान वाचून दाखवलं. पहिलं तसंच खिशात ठेवलं. आता होडी भिजलीच आहे, मग सांगून त्याचा हिरमोड कशाला, अशी स्वतःची समजूतही काढली. विज्ञानाचा मास्तर!

काम मात्र असं देखणं झालं की चीर कुठे होती ते दाखवायला लागावं. पांढऱ्यात पांढरा मिसळलेला, निळा पट्टा दोरी लावून मारल्यासारखा सरळ.

पुढे मार्चात विश्रामच्या छायाची दहावीची परीक्षा आली. केंद्र पलीकडे, माझ्याच शाळेत. विश्राम मला म्हणाला, “मास्तर, तरीत गर्दी असते, तुमच्यासंगं न्या पोरीला.” खाडीच्या मध्यावर माझ्या टाचेखाली काहीतरी सुटल्याचा आवाज आला. ठिगळ अख्खंच्या अख्खं निघालं. मी धोतराचा सोगा चिरेत कोंबतोय, छाया कंपासपेटीच्या डब्याने पाणी उपसतेय… शेवटी होडी कललीच आणि आम्ही दोघं पाण्यात. जवळच जाळी ओढणारा एक तांडेल होता म्हणून वाचलो. छायाने सकाळभर हुडहुडत माझ्या स्वयंपाकघरात चुलीपुढे काढली. पेपर बुडाला, वर्ष ऑक्टोबरवर गेलं.

आणि खाडीभर एकच झालं : पोटच्या पोरीला बुडवली मेस्त्रीने. लोक असेच. ज्याच्या हातच्या होडीत तीस वर्षं बसले त्याचं नाव तीस दिवसांत पुसलं. त्याच्याकडे बांधायला दिलेली होडी एकाने अर्धवट उचलून नेली. दुसऱ्याने आपली डागडुजीला मिरकरवाडा बंदरात धाडली. विश्रामने लाकूड तासायचा आपला वाकस तेल लावून फडक्यात गुंडाळला आणि फळीवर ठेवून दिला. मी हे सगळं बघत होतो. रोज बघत होतो.

एका संध्याकाळी तो माझ्याकडे आला. ओटीवर बसला, तपकिरीची डबी हातात, पण ओढली नाही. म्हणाला, “बंडू, त्या कागदात काय लिवलंय ते परत एकदा वाच. माजं कुठं चुकलं ते मला कळत नाय. झोप नाय लागत.” अशा माणसापुढे खोटं बोलायला दगडाचं काळीज लागतं. माझं नव्हतं. मी पहिलं पान आणलं आणि वाचलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, “हे तवा होतं?”

“होतं.”

“तुज्याकडं?”

“खिशात.”

त्याने ओरडावं, चार शिव्या घालाव्यात, अंगावर यावं, असं मला वाटत होतं. तसं काही झालं नाही. तो उठला, पायात वहाणा सरकवल्या आणि म्हणाला, “एक करा, मास्तर. धक्क्यावर येऊन सांगा. बाकी काय नको मला.” दोघंच होतो आम्ही ओटीवर, आणि तो मला मास्तर म्हणाला. त्यानंतर मी पुन्हा कधी बंडू झालो नाही.

मी गेलो नाही. त्या वर्षी माझं मुख्याध्यापकपदासाठी नाव होतं. म्हटलं, हे मिटू दे, मग सांगू. ते मिटलं. मग म्हटलं, आता लोक विसरलेत, कशाला उगाच खपली काढा. भित्याला कारणं काय, पायलीची पन्नास.

विश्राम मात्र हातावर हात ठेवून बसणारा नव्हता. तो पत्राची दोन्ही पानं घेऊन गेला आणि छायाकडून रोज रात्री जेवण झाल्यावर वाचून घेऊ लागला. फायबरचे तुकडे मुद्दाम फोडायचा, जोडायचा आणि पाण्याच्या हंड्यात टाकून ठेवायचा. औषध जास्त पडलं तेव्हा डबा असा तापला की धूर निघाला, त्याच्या बायकोने, पारूवहिनींनी, घर डोक्यावर घेतलं. काचेच्या तंतूंची कुसळं अंगाला टोचून दोन्ही हात खाजवून लाल. मी अधूनमधून जायचो, तो “या मास्तर” म्हणायचा, पाट द्यायचा, चहा सांगायचा. मेल्याने एकदा तरी मला हाकलून द्यायचं! एकदा मला म्हणाला, “लाकडाची फट दाबून मिटवायची. हिची चीर आधी घासून रुंद करायची, कडा उतरत्या करायच्या, मगच माल धरतो. चाळीस वर्सं मी उलटं शिकलो होतो बघा.”

तांडेलाने ओढून आणलेली माझी होडी त्याने पंधरा दिवस उन्हात पालथी घातली. रोज सकाळी चिरेला गाल लावून ओल आहे का बघायचा. मग थरावर थर चढवले, घासले, रंग दिला. पाण्यात टाकल्यावर स्वतः एकटा बसून मध्यावर गेला आणि तिथेच तासभर थांबला. किनाऱ्यावर आला तेव्हा कुणाला न विचारता छाया आत जाऊन बसली. विश्रामने तोंड फिरवलं. तो रडत होता, आणि मला हे लिहितानाही रडू येतंय.

पुढे फायबरच्या होड्या आणखी आल्या आणि त्यांचं काम त्याच्याकडे येऊ लागलं, कारण दुसरं कुणाला येत नव्हतं. पण लाकडाची होडी मात्र कुणी बांधायला दिली नाही. जुनी माणसं म्हणायची, “फायबरचं ठीक आहे, पण लाकडाला आता विश्राम नको.” त्याचं सगळं मन लाकडात. सहा वर्षांत त्याला एक नवी होडी बांधायला मिळाली नाही.

शेवटचा भेटलो तेव्हा खाटेवर होता, दम लागत होता. मी इकडचं तिकडचं बोललो. निघताना त्याने माझा हात धरला. “मास्तर,” म्हणाला, “धक्का अजून तितंच हाय वो.” मी मान हलवली. येत्या रविवारी सांगतो, म्हणालो. रविवार उजाडायच्या आत तो गेला.

बाराव्याला दुपारी मी धक्क्यावर गेलो आणि सांगितलं. जेवून उठलेली वीस-पंचवीस माणसं होती. सगळं सांगितलं, पत्र, खिसा, घंगाळ, सगळं. ज्याने आपली होडी मिरकरवाड्याला धाडली होती तो म्हातारा तेवढा म्हणाला, “मग आमी त्याला…” डोक्यावरची टोपी काढून तो तसाच उभा राहिला.

परत येताना विश्रामच्या पडवीत वाकून शिरलो. छाया आता एका मुलीची आई आहे. बापाची हत्यारं ती पुसून ठेवत होती, वाकसाचं फडकं नुकतंच सोडलं होतं. मला वाटलं ती म्हणेल, झालं ते झालं, काका. आपल्याकडे म्हणतातच तसं. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “धक्क्यावर वीस माणसं होती, काका. बाबांचं नाव अख्ख्या खाडीत गेलं. तुम्ही पेपरात लिहिता ना? मग लिहा. आणि माझे बाबा नाही चुकले, एवढंच लिहू नका. कोण चुकलं तेही लिहा.”

तुझे बाबा नाही चुकले, छाया. मी चुकलो. सहा वर्षं चुकत राहिलो, आणि ज्याला हे ऐकायचं होतं तो आता नाही.

— बंडू मास्तर